तिसरा रकाना : तौलनिक राजकारणाचा अभ्यास कसा करावा

पेपर तपासायला बसलं की एक प्रश्न हमखास भेटतो : ‘ब्रिटन आणि अमेरिका यांच्या राज्यव्यवस्थांची तुलना करा.’ बहुतेक विद्यार्थी पट्टी काढतात आणि पानाच्या मधोमध रेघ मारतात. डाव्या रकान्यात ब्रिटन : अलिखित संविधान, संसदीय पद्धत, एकात्म शासन. उजव्या रकान्यात अमेरिका : लिखित संविधान, अध्यक्षीय पद्धत, संघराज्य. यात चुकीचं काही नसतं. तरी गुण निम्मेच पडतात. बाकीचे निम्मे कुठे गेले, हे विचारायला एखादा विद्यार्थी येतो. मी त्याला उलट विचारतो, “बरं, हे दोन देश असे वेगळे आहेत. त्यामुळे काय घडलं?” इथे गाडी अडते.

या लेखातला सल्ला एवढाच आहे की त्या तक्त्याला तिसरा रकाना जोडा आणि त्याच्या डोक्यावर लिहा : ‘त्यामुळे काय घडलं?’ पहिले दोन रकाने पाठ करून भरता येतात, तिसऱ्यासाठी विचार करावा लागतो. विषयाचं नाव ‘तौलनिक’ आहे ते या तिसऱ्या रकान्यामुळे. ॲरिस्टॉटलनं आपल्या शिष्यांसह १५८ राज्यघटनांची माहिती गोळा केली असं सांगतात. त्यांपैकी फक्त अथेन्सची आज आपल्या हाती आहे, तीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसमुळे. पण ॲरिस्टॉटल अभ्यासला जातो तो त्या संग्रहासाठी नाही. काही राज्यं का टिकतात आणि काही का उलथतात, हा प्रश्न त्यानं त्या सगळ्यांना मिळून विचारला, म्हणून.

आता एकेक संकल्पना घेऊ.

आधी ‘राज्य’ शब्दाची वाटणी करा

मराठीत हा शब्द फार राबवला जातो. ‘महाराष्ट्र राज्य’ हा संघराज्याचा एक घटक. ‘काँग्रेसचं राज्य होतं तेव्हा’ म्हणताना आपल्याला सरकार अभिप्रेत असतं. ‘पेशव्यांचं राज्य’ म्हणजे एक संपूर्ण राजवट. आणि लपंडावात ‘राज्य कुणावर?’ असं विचारतात तेव्हा ज्याच्यावर राज्य येतं, तो बिचारा डोळे मिटून आकडे मोजत असतो! बोलताना हे चालून जातं. उत्तरपत्रिकेत घोटाळा होतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन शब्द वेगळे लिहा.

राज्यसंस्था म्हणजे टिकून राहणारा सांगाडा : भूप्रदेश, सीमा, महसूल, न्यायालयं, पोलीस, लष्कर. तुमच्या शेताचा सातबारा जिच्या नावानं निघतो ती. राजवट म्हणजे सत्ता कशी मिळवायची, कशी वापरायची आणि कशी सोडायची याचे नियम. सरकार म्हणजे त्या नियमांनी आज खुर्चीत बसलेली माणसं.

हा फरक गोव्याच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. पोर्तुगीज राज्यसंस्था गेली, तिच्याबरोबर सालाझारची हुकूमशाही राजवट गेली आणि गव्हर्नर जनरलचा कारभारही संपला. पुढे १९७९ मध्ये शशिकला काकोडकर यांचं सरकार पडलं. तेव्हा बदललं ते फक्त सरकार. भारतीय राज्यसंस्था आणि संविधानाचे नियम जागच्या जागी राहिले. या दोन तारखांच्या मध्ये खुद्द पोर्तुगालमध्ये तिसरा प्रकार घडला. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली, आणि जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही संपली. देश तोच, सीमा त्याच, पण राजवट बदलली. त्यामुळे काय घडलं? वर्षअखेरीस पोर्तुगालच्या नव्या राजवटीनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. तेरा वर्षं अडलेली गोष्ट राजवट बदलल्यावर काही महिन्यांत झाली. तिसऱ्या रकान्यात लिहायचं ते हे.

उलट बाजूचं उदाहरण बेल्जियमचं. तिथे जून २०१० मध्ये निवडणूक झाली, पण डच आणि फ्रेंच भाषकांच्या पक्षांचं जमेना. नवं सरकार यायला ५४१ दिवस लागले. तोवर जुन्या पंतप्रधानांचं काळजीवाहू मंत्रिमंडळ कारभार पाहत होतं. पगार होत होते, न्यायालयं चालू होती, युरोपीय संघाचं फिरतं अध्यक्षपदसुद्धा त्या काळात बेल्जियमनं सांभाळलं. याच्या शेजारी १९९१ नंतरचा सोमालिया ठेवा. तिथे सरकार पडलं आणि त्याच्याबरोबर राज्यसंस्थाच कोसळली. दोन्हीकडे ‘सरकार नव्हतं’, पण या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही.

स्वतःला तपासून पाहा. सोव्हिएत संघ, डिसेंबर १९९१, दक्षिण आफ्रिका, १९९४, नेपाळ, २००८, ब्रिटन, २०२२ (लिझ ट्रस यांचे ४९ दिवस). यांपैकी कुठे काय बदललं? क्रमानं उत्तरं : राज्यसंस्था, राजवट, राजवट, सरकार. चारही जमली असतील तर पुढे चला.

पावती आणि खंडणी

राज्यसंस्थेची सर्वांत जास्त सांगितली जाणारी व्याख्या मॅक्स वेबरची. १९१९ मध्ये म्युनिकला दिलेल्या व्याख्यानात त्यानं राज्यसंस्थेची ओळख सांगितली ती अशी : ठरावीक भूप्रदेशात बळाच्या अधिमान्य वापराची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संस्था. वाक्य जड वाटतं, पण त्यातला एकेक शब्द कामाचा आहे. चौकात पोलिसानं पाचशे रुपये घेतले की आपण पावती मागतो. त्याच चौकात एखाद्या भाईनं पाचशे घेतले तर त्याला आपण खंडणी म्हणतो. पैसे तेवढेच, मागे धाक दोन्हीकडे. फरक त्या पावतीत आहे. ‘हे मागायचा याला हक्क आहे’ असं आपण मनातून मानतो, त्यालाच अधिमान्यता म्हणतात. आणि पोलीस पावती न देताच पैसे खिशात घालतो, तेव्हा आपल्याला चीड येते, कारण त्या क्षणी हा फरक पुसला जातो.

अधिमान्यता कुठून येते याची वेबरनं तीन उत्तरं दिली : परंपरा, नेत्याचा करिष्मा आणि कायदा. परीक्षेत ही तीन नावं सगळेच लिहितात. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा : एक स्रोत आटला तर काय होतं? नेपाळचे राजे ज्ञानेंद्र यांनी २००५ मध्ये सगळी सत्ता हाती घेतली. सैन्य त्यांच्याकडे होतं, परंपरेची गादी होती. पुढच्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले आणि २००८ मध्ये राजेशाही संपली. बळ हाती असून मान्यता गेली की काय होतं, याचं हे शेजारचंच उदाहरण.

कोण कुणाला घरी पाठवू शकतो?

संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींची वैशिष्ट्यं मुद्देवार पाठ करण्यापेक्षा हा एकच प्रश्न लक्षात ठेवा. संसदीय पद्धतीत कार्यकारी प्रमुख विधिमंडळातून येतो आणि विधिमंडळ त्याला घरी पाठवू शकतं. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूनं २६९ मतं पडली, विरोधात २७०. एका मतानं सरकार गेलं. अमेरिकेत असं होत नाही. अध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो, त्याची चार वर्षं ठरलेली असतात, आणि महाभियोगाचा अवघड रस्ता सोडला तर काँग्रेस त्याला काढू शकत नाही. तोही काँग्रेस बरखास्त करू शकत नाही.

हे समजायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही, गावच्या चावडीवर बसलात तरी चालेल. महाराष्ट्रात पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. ही छोटी संसदीय पद्धत. २०१७ मध्ये कायदा बदलून सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. थेट निवडणूक झालेल्या अनेक गावांत एक दृश्य दिसतं : सरपंच एका पॅनलचा आणि बॉडीत बहुमत दुसऱ्या पॅनलचं. दोघंही छातीठोकपणे सांगतात, ‘मला लोकांनी निवडून दिलंय.’ दोघंही खरं बोलत असतात. मग मासिक सभेत ठराव अडतात, गटाराचं काम रखडतं आणि गावात एकमेकांच्या नावानं खडे फोडणं सुरू होतं. हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञानं १९९० मध्ये अध्यक्षीय पद्धतीचा नेमका हाच धोका सांगितला होता. दोन सत्ताकेंद्रांना जनतेचा वेगवेगळा कौल मिळाला, तर भांडण मिटवायला लोकशाहीत कुठलंच सोपं तत्त्व उरत नाही. अमेरिकेत २०१८-१९ मध्ये अध्यक्ष आणि काँग्रेस यांचं सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून जमलं नाही, तेव्हा संघीय सरकारचा काही भाग ३५ दिवस बंद राहिला. ग्रामपंचायत आणि व्हाइट हाउस यांत आकाराचा फरक प्रचंड, पण पेच एकाच जातीचा.

मग जुनी पद्धतच बरी का? तिथेही तिसरा रकाना भरून पाहा. सदस्यांतून सरपंच निवडला जाई तेव्हा सदस्यांना सहलीवर नेऊन ठेवण्याचे प्रकार गावांनी पाहिले आहेत. स्थैर्य आणि जबाबदारी यांत ओढाताण असते, आणि प्रत्येक पद्धत एका टोकाला थोडी झुकते. जर्मनीनं यावर एक तोडगा काढला. तिथे चॅन्सेलरवर नुसता अविश्वास दाखवून चालत नाही, त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. पाडायला एकत्र येणं सोपं आणि चालवायला एकत्र राहणं कठीण, हा वायमार प्रजासत्ताकाचा अनुभव १९४९ ची घटना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. या तरतुदीचा प्रयोग संघीय पातळीवर आजवर दोनदाच झाला : १९७२ मध्ये फसला, १९८२ मध्ये साधला आणि हेल्मुट कोल सत्तेवर आले.

एक सूचना. ‘अध्यक्ष’ हा शब्द जपून वापरा. विधानसभेचा अध्यक्ष, पक्षाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा अध्यक्ष या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताचे राष्ट्रपती राष्ट्रप्रमुख असतात, अमेरिकेचा अध्यक्ष राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख दोन्ही असतो. फ्रान्समध्ये थेट निवडलेला अध्यक्ष आहे आणि संसदेला जबाबदार पंतप्रधानही. १९८६ ते २००२ या काळात तीनदा हे दोघे परस्परविरोधी गटांतले होते. अशा मिश्र पद्धतीला तक्त्यात जागा ठेवा, ओढूनताणून कुठल्या तरी एका रकान्यात कोंबू नका.

मतांच्या जागा कशा होतात?

निवडणूक पद्धती म्हणजे मतांचं जागांत रूपांतर करणारं यंत्र. ब्रिटनमध्ये २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली आणि जागा मिळाल्या ५. लिबरल डेमोक्रॅट्सची मतं त्याहून कमी, सुमारे १२ टक्के, पण जागा ७२. ज्याची मतं देशभर पातळ पसरली तो मार खातो आणि ज्याची ठरावीक मतदारसंघांत एकवटली तो तरतो. जो पुढे तो निवडून, या साध्या मताधिक्याच्या पद्धतीचं हे रूप. आपलीही पद्धत हीच.

यंत्र बदललं तर काय होतं? याचा जणू प्रयोगशाळेत केल्यासारखा पुरावा न्यूझीलंडनं दिला. तिथे १९७८ आणि १९८१ अशा दोन निवडणुकांत मजूर पक्षाला मतं जास्त मिळाली, पण जागा नॅशनल पक्षाला जास्त मिळाल्या. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला जवळपास २१ टक्के मतं होती आणि जागा दोन. लोकांचा वैताग वाढत गेला. १९९२ आणि १९९३ मध्ये सार्वमतं झाली आणि १९९६ पासून मिश्र प्रमाणशीर पद्धत आली. देश, माणसं आणि राजकीय संस्कृती तीच, नियम तेवढा बदलला. त्यामुळे काय घडलं? पूर्वी एका पक्षाचं बहुमत ही नेहमीची गोष्ट होती. नव्या पद्धतीत ते पहिल्यांदा दिसलं थेट २०२० मध्ये. एरवी आघाड्या आणि पाठिंब्याचे करार.

फ्रेंच अभ्यासक मोरीस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये मांडलेला विचार इथे येतो : साध्या मताधिक्याची पद्धत द्विपक्षीय स्पर्धेकडे ढकलते, प्रमाणशीर पद्धत बहुपक्षीयतेकडे. लगेच तुमच्या मनात येईल, मग भारतात एवढे पक्ष कसे? अशी शंका आली की समजा, अभ्यास रुळावर आहे. द्युव्हर्जेचा दाब मतदारसंघाच्या पातळीवर काम करतो, आणि प्रत्येक राज्यातली मुख्य जोडी वेगळी असली की दिल्लीत बेरीज बहुपक्षीय होते. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला सहा मोठे पक्ष होते, पण लढले दोन आघाड्या करून. पक्ष वाढले तरी बहुतेक मतदारसंघांत खरी लढत दोघांतच राहावी म्हणून केलेली ही तजवीज. तो दाब इथे उघड दिसतो.

संघराज्य : दोन आकडे पुरेत

राज्यसभेत उत्तर प्रदेशच्या ३१ जागा, महाराष्ट्राच्या १९, गोव्याची १. अमेरिकन सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन आणि वायोमिंगच्याही दोनच. दोन्ही संघराज्यंच, पण अमेरिकेनं वरच्या सभागृहात घटकराज्यांना समान मानलं, भारतानं लोकसंख्येला झुकतं माप दिलं. दुसरी कसोटी : केंद्र घटकराज्याचं सरकार बाजूला करू शकतं का? आपल्याकडे कलम ३५६ आहे. अमेरिकन अध्यक्षाला एखाद्या राज्याच्या निवडून आलेल्या गव्हर्नरला हटवण्याचा अधिकारच नाही. एवढी दोन टिपणं असली की ‘अर्धसंघराज्य’ हा शब्द का वापरला गेला, हे पाठ न करता सांगता येतं.

पाटी आणि माल

उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात ‘लोकशाही’ आहे. जुन्या पूर्व जर्मनीच्या नावातही होती. दुकानावरची पाटी वाचून माल ओळखता येत नाही, म्हणून संकल्पनेला कसोटी लागते. ॲडम प्शेवोर्स्की यांची कसोटी सुटसुटीत आहे : जिथे सत्ताधारी पक्ष निवडणूक हरतो आणि जातो, ती लोकशाही. तिच्यात मतदानाआधी निकाल माहीत नसतो आणि निकालानंतर तो फिरवला जात नाही. काहींना ती अपुरी वाटते. त्यांना स्वातंत्र्य, कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचं संरक्षणही हवं असतं. तुम्ही कुठली कसोटी लावता ते उत्तराच्या सुरुवातीलाच सांगा आणि शेवटपर्यंत तीच लावा. अर्ध्या वाटेत गज बदलला तर कापड किती भरलं ते कळणार कसं?

जोव्हानी सार्तोरी यांनी १९७० मध्ये अशाच ढिलाईवर बोट ठेवलं. संकल्पना जितकी जास्त देशांवर पसरवाल, तितका तिच्यातला अर्थ पातळ होतो. एका वाटीच्या आमटीत पाणी घालत गेलात तर ती वीस जणांना पुरेल, पण तिला आमटी म्हणायचं का?

जोडी कशी निवडावी?

जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात दिलेल्या दोन युक्त्या आजही पुरतात. पहिली : बाकी सगळं सारखं आणि एक गोष्ट वेगळी अशी जोडी घ्या. आधीचा आणि नंतरचा न्यूझीलंड ही अशी जोडी. दुसरी : सगळं वेगळं, पण परिणाम सारखा अशी जोडी घ्या आणि दोघांत समान काय ते शोधा. सरपंच आणि अमेरिकन अध्यक्ष यांची जोडी या जातीची.

तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, फक्त यशस्वी उदाहरणं गोळा करणं. क्रांती का होते हे शोधताना फ्रान्स, रशिया, चीन घेतले आणि तिन्हीकडे शेतकऱ्यांची दैना दिसली, म्हणून ते कारण ठरत नाही. दैना असून क्रांती झाली नाही असे देश तपासल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते. दुसरं, एका देशाचा नियम आणि दुसऱ्या देशाचा व्यवहार यांची तुलना. नियमाशी नियम, व्यवहाराशी व्यवहार. तिसरं, ‘तिकडच्या लोकांची संस्कृतीच तशी’ असं म्हणून हात झटकणं. न्यूझीलंडची संस्कृती १९९६ मध्ये एका रात्रीत बदलली नव्हती.

वही आणि वेळ

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक संकल्पनेला समोरासमोरची दोन पानं द्या. वर संकल्पना प्रश्नाच्या रूपात लिहा, खाली तीन रकाने आखा. एका आठवड्याला एक संकल्पना पुरे. सुरुवातीला चारच देश पक्के करा : भारत, ब्रिटन, अमेरिका, आणि जर्मनी किंवा फ्रान्स. त्यांच्याविषयीचं वाचून झालं की मग पाचवा. वीस देशांची वरवर ओळख करून घेण्यापेक्षा चार घरांत जाणं-येणं असलेलं बरं. वर्तमानपत्रात परदेशी सरकार पडल्याची, निवडणुकीची, घटनादुरुस्तीची बातमी आली की ती कापून योग्य पानावर चिकटवा आणि शेजारी एका वाक्यात लिहा : काय बदललं, राज्यसंस्था, राजवट की सरकार?

उत्तर लिहिताना व्याख्येला दोन-तीन ओळी, जोडीला निम्मी जागा, आणि उरलेली सगळी परिणामांना. तारीख किंवा आकडा नक्की आठवत नसेल तर लिहू नका. आकड्याशिवायचं चांगलं उदाहरण चालतं, चुकीचा आकडा सगळ्या परिच्छेदावर शंका आणतो.

तो निम्मे गुण मिळालेला विद्यार्थी पुढच्या सत्रात पुन्हा आला होता. वहीत ब्रिटन-अमेरिकेचाच तक्ता, फक्त रेघा दोन. तिसऱ्या रकान्यात ब्रिटनच्या ओळीला त्यानं लिहिलं होतं : ‘ट्रस ४९ दिवसांत गेल्या, कारण त्यांच्याच पक्षाच्या खासदारांचा पाठिंबा उरला नाही. निवडणूक लागली नाही, संसद तीच राहिली.’ अमेरिकेच्या ओळीला : ‘अध्यक्ष इतका नावडता झाला असता, तरी चार वर्षं काढली असती.’ त्याखाली पेन्सिलनं एक ओळ होती, ‘आमच्या गावचा सरपंच पण.’ पेन्सिलीची ओळ खोडू नकोस, एवढंच मी त्याला सांगितलं.